जरा सरकून घ्या

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी लेखक नाही, वक्ताही नाही. इंजिनीअरिंग केलं आणि गेली पंधराएक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतोय. संयोजकांनी मला विषय दिला, 'शहरातल्या अनोळखी माणसांचा चांगुलपणा'. मला वाटलं, सोपं आहे. हा विषय रोज सकाळी व्हॉट्सॲपवर येतोच, गुलाबाच्या फुलासकट. पण बोलायची तयारी करायला बसलो तेव्हा लक्षात आलं की मला आठवणाऱ्या गोष्टी गुलाबाच्या फुलासारख्या नाहीत. त्यातल्या एका गोष्टीत तर मी स्वतःच वाईट वागलोय. तीही आज सांगणार आहे.

सुरुवात लोकलपासून करतो. मुंबईच्या लोकलमध्ये सेकंड क्लासच्या बाकावर तिघांची जागा असते. पण गर्दीच्या वेळी तिथं चौघं बसतात. उभा असलेला माणस नुसता हात हलवतो किंवा म्हणतो, "जरा सरकून घ्या." तिघं सरकतात. चौथ्याला अर्धीच जागा मिळते, त्याचा एक पाय बाहेर असतो, पण दिवसभर उभं राहून काम केलेल्या माणसाला तेवढीही पुरते. रेल्वेच्या कुठल्याही नियमात ही 'चौथी सीट' नाही. ती लोकांनी बनवली आहे. आणि ती देताना तिघांनाही थोडा त्रास होतो. आज माझं म्हणणं एवढंच आहे की चांगुलपणा म्हणजे हे सरकणं. गोड बोलणं निराळं आणि सरकणं निराळं. हा फरक मला कळायला बरीच वर्षं लागली.

पहिला प्रसंग २६ जुलै २००५ चा. तुमच्यातले काही जण तेव्हा जन्मलेही नसतील. मी बारावी झालो होतो. इंजिनीअरिंगच्या ॲडमिशनच्या कामासाठी चिपळूणकडून मुंबईत आलो होतो आणि मुंब्र्याला चाचांकडे उतरलो होतो. त्या दिवशी माटुंग्याचं काम उरकून दुपारी परत निघालो. शर्टाच्या आत प्लास्टिकच्या पिशवीत सगळी कागदपत्रं होती. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं ओरिजिनल.

त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. गंमत म्हणजे तिकडं कुलाब्यात १०० मिलीमीटरही नव्हता. एकाच शहराच्या एका टोकाला नेहमीचा पाऊस आणि दुसऱ्या टोकाला माणसं बुडत होती. आमची गाडी सायन आणि कुर्ल्याच्या मधे थांबली. तास गेला, दीड तास गेला. मग लोक खाली उड्या मारून रुळांवरून चालायला लागले. मीही उतरलो. मोबाईल माझ्याकडे नव्हता, ज्यांच्याकडे होता त्यांचा लागत नव्हता. कुर्ल्यात पोचेपर्यंत पाणी कमरेच्या वर आलं होतं. गटारांची झाकणं कुठं आहेत ते दिसत नव्हतं, म्हणून आम्ही दहा-बारा अनोळखी माणसं एकमेकांचे हात धरून चालत होतो. पुढचा माणूस काठीनं चाचपत "इथं खड्डा, डावीकडून या" असं ओरडून सांगत होता.

अंधार पडायला लागला तेव्हा एका चाळीच्या जिन्यातून एका बाईंनी हाक मारली, "अरे पोरा, कुठं चाललास? वर ये." मी वर गेलो. एकच खोली. घरातली चार माणसं आणि माझ्याआधी आलेली सहा. मी अकरावा. मावशींनी मला त्यांच्या मुलाचा शर्ट दिला. मी पिशवी बाहेर काढली तर आत पाणी गेलेलं. मला रडूच आलं. गावाहून आलेल्या मुलासाठी ते कागद म्हणजे सगळं आयुष्य होतं.

लाईट गेली होती. मावशींनी मेणबत्ती लावली, पलंगावर बसलेल्यांना उठवलं आणि तिथं जुने पेपर पसरले. मग एकेक कागद हळूच सोडवून त्यावर ठेवला. गुणपत्रिकेवरचं माझं नाव त्यांनी वाचलं. मी बघत होतो. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव. त्यांच्या मागच्या भिंतीवर गणपतीचा फोटो होता. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्या बोलल्या, "अय्या, गणितात एवढे मार्क? आमच्या गाढवाला शिकव जरा." आणि मग, "आमच्याकडे सुकट आहे रे, चालेल ना?" कोकणातल्या मुलाला सुकट चालेल का! मला तर घरी आल्यासारखंच वाटलं.

रात्री त्या खोलीत अकरा माणसं झोपली. झोपली म्हणजे कुशीवर, एकमेकांना टेकून. कोणी उठलं की सगळ्यांना सरकावं लागायचं. सकाळी निघताना मावशी म्हणाल्या, "फोन लागला की आईला सांग, रात्री कुर्ल्याला मावशीकडे होतो." दोन दिवसांनी चाचांच्या घरून फोन लागला तेव्हा मी अम्मीला तसंच सांगितलं. अम्मी रडायची थांबली आणि म्हणाली, "कुठली मावशी?" आमच्या कुर्ल्यात कोणी नव्हतंच.

आता एक सावधगिरीचं बोलतो. त्या पुरानंतर सगळीकडे 'मुंबईचं स्पिरिट' हा शब्द सुरू झाला. मला त्या शब्दाची भीती वाटते. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. शहराची पावसाळी गटारं तासाला साधारण २५ मिलीमीटर पाऊस पेलतील एवढ्याच क्षमतेची होती, आणि मिठी नदी भराव आणि कचरा टाकून टाकून आवळलेली होती, या गोष्टी तेव्हा सगळ्यांच्या तोंडी झाल्या. मावशींनी जे केलं ते पालिकेचं काम नव्हतं. आणि पालिकेनं जे करायला हवं होतं, ते मावशींच्या सुकटीनं भरून निघत नाही. कोणी आपल्याला चांगुलपणाच्या गोष्टी सांगून प्रश्न विचारायचं थांबवायला लागलं तर थांबू नका. दोन्ही करायचं. खोलीत जागाही द्यायची आणि गटाराचा हिशेबही मागायचा.

दुसरा प्रसंग एका वर्षानंतरचा, ११ जुलै २००६. संध्याकाळच्या गर्दीत पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. पहिले मदतीला धावले ते रुळांच्या कडेला राहणारे लोक. ज्यांची घरं रोज 'अनधिकृत' म्हणून मोजली जातात, त्यांनी घरातल्या चादरी आणल्या आणि त्याच्या झोळ्या करून जखमींना उचललं. जखमीचं नाव विचारायला कोणाला वेळ नव्हता.

मी तेव्हा नवी मुंबईत हॉस्टेलवर होतो. रात्रभर टीव्हीपुढे सगळ्यांबरोबर मीही बसलो. सगळ्यांना धक्का बसला होता, तसा मलाही. पण मला आणखी एक काळजी होती आणि ती फक्त मलाच होती. तुमच्यापैकी अनेकांना ती न सांगताच कळेल. उद्या मेसमध्ये माझ्याकडे कोण कसं बघेल? सकाळी मी खोलीतून बाहेरच पडलो नाही. भूक नाही असं ठरवून टाकलं. आठ वाजता दार वाजलं. शेजारच्या खोलीतला सांगलीकडचा मुलगा. आमची काही खास दोस्ती नव्हती. तो म्हणाला, "चल, उपमा संपेल." बस. तो आठवडाभर रोज आला आणि मेसमध्ये माझ्या शेजारी बसला. स्फोटांबद्दल माझ्याशी एक शब्द बोलला नाही. 'आम्ही तुझ्याबरोबर आहोत' असंही म्हणाला नाही. पुढे कित्येक वर्षांनी मी त्याला विचारलं की ते मुद्दाम होतं का, तर हसला आणि म्हणाला, "उपमा खरंच संपायचा रे."

या दोन प्रसंगांत मला एक सारखेपणा दिसतो. झोळी करणाऱ्यांनी नाव विचारलं नाही, ते मोठंच काम होतं. पण मावशींनी नाव वाचलं होतं. त्या सांगलीच्या मुलाला माझं नाव माहीत होतं. नाव कळल्यावरही ते सरकले. संकटाच्या घाईत माणसं नाव विचारत नाहीत, हे खरं आहे आणि चांगलं आहे. पण शहर फक्त संकटात चालत नाही. उरलेले सगळे दिवस नाव कळतंच. तिथं खरी परीक्षा असते.

तिसरा प्रसंग त्या परीक्षेचा. नोकरी लागली, पुण्यात आलो, भाड्यानं घर शोधायला लागलो. फोनवर सगळं ठरायचं. किती माणसं, कुठं नोकरी, डिपॉझिट किती. मग "नाव काय म्हणालात?" आणि मग दोन सेकंदांची शांतता. तुम्हाला ती ओळखीची आहे, तुमच्या चेहऱ्यावरच दिसतंय. नववं की दहावं घर असेल, एक काका मात्र खूप चांगले भेटले. नाव कळूनही त्यांनी घरी बोलावलं. काकूंनी चहा केला, चिवडा दिला. काका म्हणाले, "तुम्हाला खोटं सांगणार नाही. मला स्वतःला चालेल हो, पण सोसायटीला चालणार नाही." त्यांच्या डोळ्यांत खरंच वाईट वाटल्याचं दिसत होतं. मला दारापर्यंत सोडायला आले. पाऊस होता म्हणून छत्रीही देऊ केली.

मी खाली उतरलो आणि विचार करत राहिलो की आत्ता झालं ते काय होतं? अपमान म्हणावा तर चहा होता. चांगुलपणा म्हणावा तर घर नव्हतं. तेव्हा मला बाकावरची चौथी सीट आठवली. काका माझ्याशी खूप छान बोलले, पण सरकले नाहीत. आणि 'सोसायटी' म्हणजे तरी कोण? आमच्या कामात एक गोष्ट असते, डिफॉल्ट सेटिंग. ती कधी, कोणी करून ठेवली ते कुणाला आठवत नाही. प्रत्येक जण म्हणतो, मी नाही केली, आधीपासून अशीच आहे. पण ती बदलायची तर कुणाला तरी हात लावावाच लागतो. त्या इमारतीतल्या प्रत्येक घरात कदाचित एकेक चांगले काका राहत असतील, आणि प्रत्येकाला 'स्वतःला' चालत असेल.

आता ती गोष्ट, जी सांगायला मला लाज वाटते. आमचा पनवेलला एक छोटा फ्लॅट आहे. अब्बांनी आयुष्यभराच्या बचतीतून घेतला. आजूबाजूला बहुतेक आपलेच लोक. एकदा तिथं एक ताई भाड्यानं जागा बघायला आल्या. तलाक झालेला, बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी, एका शाळेत नोकरी. भाडं वेळेवर देण्यासारख्या. अब्बांनी मला पुण्याला फोन केला, "काय करू?" मी म्हणालो, "नको. एकटी बाई आहे, इमारतीत उगाच चर्चा होईल. आपल्याला काही नाही, पण लोक बोलतील." अब्बांनी त्यांना नीट शब्दांत नाही सांगितलं. अम्मीनं त्यांना चहा-बिस्किटं दिली होती, मुलीच्या हातात चॉकलेट दिलं होतं.

मी फोन ठेवला. माझ्या डोक्यात काहीच वाजलं नाही. काही महिन्यांनी, कुठल्याशा मीटिंगमध्ये बसलो असताना, अचानक काकांचा आवाज आला, "मला स्वतःला चालेल हो." शब्दन् शब्द तोच. चहासुद्धा तोच. माझ्यावर जे झालं त्यानं मला इतकी वर्षं राग आला होता, आणि पहिली संधी मिळाल्याबरोबर मी तेच दुसऱ्यावर केलं. फरक एवढाच की मला नाकारलं गेलं नावावरून आणि मी नाकारलं बाई एकटी आहे यावरून.

आज त्या फ्लॅटमध्ये एक नर्स राहते, एकटीच. इमारतीत दोन महिने चर्चा झाली, मग लोकांना दुसरा विषय मिळाला. पण म्हणून हिशेब फिटला असं मी म्हणणार नाही. त्या पहिल्या ताई आणि ती मुलगी कुठं गेल्या, मला माहीत नाही.

म्हणून तुम्हाला विनंती आहे, अनोळखी माणसाचा चांगुलपणा हा विषय 'ते आपल्याशी कसे वागतात' एवढ्यावर संपवू नका. आपल्या मोहल्ल्यात आपण कोणासाठी सरकतो? बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कारागिराला आपण 'भैया' म्हणून कुठं बसवतो? दुसऱ्या जातीचं, दुसऱ्या धर्माचं कुटुंब आपल्या इमारतीत घर बघायला आलं तर आपल्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघतं?

आणि याच्या उलट टोकाची एक चूकही आपण करतो. तीही बोलून घेतो. एखादा मुलगा रक्तदान करतो आणि दुसऱ्या दिवशी मथळा येतो, मुस्लिम तरुणानं हिंदू महिलेला रक्त देऊन वाचवलं. आपण तो फॉरवर्ड करतो. मीही करायचो, बरं वाटायचं. आता खटकतं. त्या मुलाचा रक्तगट जुळला आणि तो गेला. त्याला साऱ्या समाजाचं प्रमाणपत्र का व्हावं लागतं? आपण चांगले आहोत हे सिद्ध करण्यासाठी चांगलं वागायला लागलो, तर समोरचा माणूस माणूस राहत नाही, तो परीक्षक होतो. आणि परीक्षक समाधानी झाला नाही की आपल्याला राग येतो. मावशींना मी काही सिद्ध केलं नव्हतं, त्यांनीही मला काही सिद्ध करून दाखवलं नव्हतं. त्यांना कागद वाळवायचे होते. रस्त्यातला काटा-दगड बाजूला करणं हेही सदका आहे, असं आपण लहानपणी मदरशात शिकलो. दगड कोणाच्या पायाला लागणार होता, हे त्या शिकवणीत कुठंच विचारलेलं नाही.

एक कामाची माहिती देतो, कारण हा प्रश्न मला तुमच्यासारखीच मुलं विचारतात. "दादा, रस्त्यात अपघात दिसला तर थांबायची भीती वाटते. आपलं नाव बघून आपल्यालाच अडकवलं तर?" भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण कायदा माहीत करून घ्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १३४ अ आलं. निःस्वार्थपणे, चांगल्या हेतूनं मदत करताना काही चूक झाली तरी मदत करणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. आणि २०२० च्या नियमांनुसार पोलीस त्याला नाव, पत्ता सांगायची सक्ती करू शकत नाहीत. स्वतःहून सांगायचं असेल तर सांगा. म्हणजे बघा, कायद्यालासुद्धा कळलंय की मदतीच्या वेळी नाव मधे येता कामा नये. त्यामुळे थांबा. १०८ ला फोन करा. जखमीबरोबर जा.

शेवटाकडे येतो. संविधानाच्या उद्देशिकेत स्वातंत्र्य आहे, समता आहे आणि बंधुता आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी बजावलं होतं की बंधुता नसेल तर बाकीच्या दोन गोष्टी वरवरच्या राहतील. मला त्याचा अर्थ माझ्या पद्धतीनं असा लागतो. स्वातंत्र्य आणि समतेसाठी आपण कोर्टात जाऊ शकतो, आणि जायलाच हवं. पण मला उपमा संपायच्या आत बोलवायला ये, असा आदेश कोर्ट कोणाला देऊ शकत नाही. ते काम आपल्यावर सोडलेलं आहे.

नोकरी लागल्यावर मी एकदा मिठाई घेऊन कुर्ल्याला गेलो होतो. चाळ पडली होती, तिथं पत्रे ठोकून टॉवरचं काम चाललं होतं. टपरीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "नाव काय त्यांचं?" तेव्हा कळलं की ते मला माहीतच नाही. त्यांनी माझं पूर्ण नाव वाचलं होतं, आणि मी आख्खी रात्र त्यांना नुसतं मावशी म्हणत राहिलो. मिठाई टपरीवाल्याच्या हातात दिली आणि परत आलो.

घरी गेल्यावर आई-वडिलांशी, भावंडांशी एक विषय काढा. आपल्याकडे भाड्याची खोली असेल, दुकान असेल, ऑफिसमध्ये एक जागा भरायची असेल, तर आपण कोणाला आधीच मनातून वगळलेलं आहे? भांडण होईल. झालं तर होऊ द्या. चौथा माणूस बसतो तेव्हा तिघांनाही थोडं दाबून बसावं लागतं, तसंच आहे ते.

माझं बोलणं लांबलं. मागं दाराशी काही मुलं उभी आहेत, मघापासून बघतोय. पुढच्यांनो, जरा सरकून घ्या.